आठवी घडी

नुओरोच्या इस्पितळात, तळघरात, माझी खोली काळोखी.
मुद्दाम काळोखी: उजेडात तो हिरवा दिसत नाही.
काचपट्टीवर कुणाच्या तरी पेशी,
त्यांच्यावर कुणाचं तरी रक्तजल,
आणि एक डोळा मिटून बघायची माझी जुनी खोड.
डॉक्टर लोई रागावतात, दोन भिंगं कशाला दिलीत मग?

आधी पातळ करायचं.
एकास चाळीस. एकास ऐंशी.
एकास एकशे साठ.
दर वेळी रक्ताचा आवाज निम्मा.
बहुतेकांचं इथेच गप्प होतं.
तीनशे वीस, सहाशे चाळीस,
बाराशे ऐंशी, पंचवीसशे साठ.
एकास पाच हजार एकशे वीसलाही
बाकिझिया कोर्राइनेचं रक्त बोलतच होतं.

ठिपके. खसखस सांडावी तसे,
दर पेशीत चाळीस-पन्नास, सुटे सुटे.
आणि जी पेशी दुभंगायला निघाली आहे
तिच्यात तेच ठिपके मधोमध, एका ओळीत.
गुणसूत्राला जिथे चिमटीत धरून ओढतात
नेमकी ती चिमूट
तिच्या रक्ताला शत्रू वाटते.

चिमूट.
बाकिझिया तर चिमटीवरच जगते.

रवा, पाणी, मीठ.
मिठाच्या पाण्यात बोट कधी बुडवायचं, साध्या पाण्यात कधी,
हे बोटालाच ठाऊक.
मग दोन टोकं चिमटीत, हात फाकवायचे, घडी,
पुन्हा हात.
दोन, चार, आठ, सोळा.
आठव्या घडीला दोनशे छप्पन्न शेवया,
गोल परडीवर तीन थर आडवेतिडवे, उन्हात.
मे महिन्यात लोक रात्रभर चालत लूलाला जातात,
संताच्या देवळात, मेंढीच्या रश्शात
या शेवया वाढतात. पैसे घेत नाहीत.

दोन हिवाळ्यांपूर्वी गार पाण्यात हात घातला
आणि बोटं पांढरी पडली, खडूसारखी.
मग निळी. मग लाल.
थंडी बाधली, म्हणाली सून.
पुढे उन्हाळ्यातही थंडीच बाधत राहिली.

लोईंनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडला, वर भिंग.
पडद्यावर केशवाहिन्या: बारीक वेटोळी ओळीने हवीत,
तर काही फुगलेली, आणि मधे नुसती मोकळी जागा.
"ही तर नवशिकीची शेवई," बाकिझिया म्हणाली,
"कुणी ओढली अशी?"

कुंपणच शेत खातं, असं म्हणून मोकळं होता येतं.
आमच्याकडे कुंपणं दगडांची, चुन्याशिवाय रचलेली,
ती कुणाला खात नाहीत.
एखादा दगड सरकतो.
कळतं तेव्हा मेंढ्या दुसऱ्याच डोंगरावर असतात.

आता सांगते ते लोईंनाही सांगितलेलं नाही.
शीतपेटीत तिची एक जुनी नळी होती,
अकरा वर्षांपूर्वीची, थायरॉईडच्या तपासणीतून उरलेली.
कुणी मागितलं नव्हतं. मी वितळवली.
एकास एकशे साठ: ठिपके.
फिके, पण होते.
तेव्हा तिची बोटं गुलाबी होती,
माझ्या बहिणीच्या लग्नात हातात हात गुंफून
ती पहाटेपर्यंत गोलात नाचली होती.
रक्ताला माहीत होतं.
रक्ताला कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं असतं तर काय दिलं असतं तिला?
लोकरीचे हातमोजे आणि अकरा वर्षांची धास्ती?
की दर वर्षी हृदयाची, फुप्फुसाची तपासणी,
म्हणजे थोडा अवधी?
मी नळी परत ठेवली. वहीत नोंद नाही.

काल अहवाल घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेले.
शेजारी कोमट पाण्याचं भांडं.
सात घड्या झाल्या.
आठवीला हात फाकले, आणि मधेच थांबले.
तिनं बोटांकडे पाहिलं. अहवालाकडे नाही.
"एकशे अठ्ठावीस," म्हणाली. "यंदा संताला जाड शेवया."
मग टोक माझ्यापुढे केलं: "धर."

मी धरलं.
हातमोज्यांना सरावलेली माझी बोटं,
कणीक त्यांतून निसटली.
"चिमटीत," ती ओरडली, "चिमटीत धर गं."